ज्यांनी ऐकलेच नाही, त्यांच्या तारणाचे काय?

नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण मारला गेला, तेव्हा आपल्याकडील चर्चा मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरली. प्रवेशबंदी असलेल्या बेटावर तो पोहोचलाच कसा, सुरक्षा यंत्रणा काय करीत होत्या आणि यामागे धर्मांतराचा काही व्यापक डाव होता काय? तिन्ही प्रश्न विचारणे आवश्यकच होते. मात्र मुळात तो तेथे कशासाठी गेला, या प्रश्नाची बोळवण 'माथेफिरू' या एका शब्दाने करण्यात आली. चाऊ माथेफिरू नव्हता. ख्रिस्ती धर्मविचारात अनेक शतके वादग्रस्त राहिलेल्या एका प्रश्नाला जी उत्तरे दिली जातात, त्यांपैकी एका उत्तराशी तो अखेरपर्यंत प्रामाणिक राहिला. प्रश्न असा : येशू ख्रिस्तावरील श्रद्धेवाचून तारण नाही असे मानले, तर ज्यांनी त्याचे नावही कधी ऐकले नाही, त्यांचे काय?

हा प्रश्न धर्मपंडितांनी आपापसात सोडवावा, असे म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही. त्याच्या उत्तरावर दूरच्या जिवंत माणसांची सुरक्षितता अवलंबून असते, हे उत्तर सेंटिनेलने दाखवून दिले आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. चाऊ हा कॅन्सस सिटी येथील 'ऑल नेशन्स' या मिशनरी संस्थेशी संबंधित होता. संस्थेच्या प्रशिक्षणात कार्यकर्ते परकीय गावकऱ्यांची सोंगे घेऊन, हाती खोटे भाले घेऊन प्रशिक्षणार्थींच्या अंगावर धावून जात. त्याने लसी टोचून घेतल्या होत्या आणि निघण्यापूर्वी काही दिवस स्वतःला इतरांपासून वेगळे ठेवले होते. मच्छीमारांना सुमारे २५ हजार रुपये देऊन १४ नोव्हेंबरच्या रात्री तो निघाला. दुसऱ्या दिवशी कयाकमधून किनाऱ्याजवळ जाऊन त्याने मोठ्या आवाजात आपले व येशूचे प्रेम जाहीर केले. एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातील बायबलमध्ये रुतला. तो परतला, होडीत बसून त्याने दैनंदिनी लिहिली आणि पुन्हा गेला. १७ नोव्हेंबरला बेटावरचे लोक त्याचा मृतदेह वाळूत पुरत असल्याचे मच्छीमारांनी दुरून पाहिले. आपण मारले गेलो तर या लोकांवर किंवा देवावर रागावू नका, असे त्याने घरच्यांसाठी लिहून ठेवले होते. हे बेट म्हणजे सैतानाचा शेवटचा बालेकिल्ला तर नव्हे, असा प्रश्नही त्याच दैनंदिनीत आहे. एकाच वहीतील ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देणारी वाटतात. त्याच्या श्रद्धेच्या चौकटीत ती तशी नाहीत.

ही चौकट नव्या करारातील काही वचनांवर उभी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला पित्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग म्हणवितो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दुसऱ्या कोणत्याही नावाने तारण नाही असे पेत्र सांगतो. मत्तयाच्या अखेरीस सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची आज्ञा आहे. उलट बाजूस, सृष्टीकडे पाहून देवाची ओळख पटू शकते आणि नियमशास्त्र ठाऊक नसलेल्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, असे पौल रोमकरांस लिहितो. त्याच पत्रात पुढे, ऐकल्यावाचून ते विश्वास कसा ठेवतील, असेही तो विचारतो. आधार दोन्ही बाजूंना एकाच ग्रंथात सापडतात. त्यामुळे हा वाद केवळ वचने दाखवून मिटत नाही.

मध्ययुगीन युरोपला या प्रश्नाची धग फारशी जाणवत नव्हती. सुवार्ता जगभर पोहोचलीच आहे, ज्यांनी ती स्वीकारली नाही ते दोषी आहेत, अशी सर्वसाधारण समजूत होती. चर्चबाहेर तारण नाही हे तिसऱ्या शतकातील सिप्रियनचे मत पुढे अधिकृत घोषणांमध्ये आले आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने ते अत्यंत कठोर शब्दांत मांडले. तरीही शंका होत्या. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अरण्यात वाढलेल्या माणसाचे उदाहरण घेतले आणि तो आपल्या विवेकाला अनुसरून वागला, तर देव त्याच्याकडे अंतःप्रेरणेने किंवा एखादा उपदेशक पाठवून सत्य पोहोचवील, असे म्हटले. त्यानंतर काही दशकांनी कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात हाच प्रश्न उपस्थित केला. त्यासाठी त्याने कल्पिलेला माणूस सिंधू नदीच्या तीरावर जन्मलेला, सदाचारी, पण ख्रिस्ताचे नाव सांगणारा कोणीही न भेटलेला असा आहे. 'न ऐकलेला' माणूस म्हटल्यावर युरोपीय कल्पनेला भारतच आठवावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१४९२ नंतर हा काल्पनिक माणूस लाखोंच्या संख्येने समोर उभा राहिला. अमेरिका खंडातील या माणसांचे काय, याला स्पेनच्या राजसत्तेने १५१३ मध्ये शोधलेले उत्तर कायदेशीर कारकुनीचा नमुना होते. 'रेकेरिमिएन्तो' नावाचा एक मसुदा तयार करण्यात आला. मूळ रहिवाशांसमोर तो स्पॅनिश भाषेत वाचून दाखवायचा, पोप व राजा यांचा अधिकार मान्य करण्यास सांगायचे आणि त्यांनी नकार दिल्यास युद्धाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकायची. ऐकणाऱ्यांना त्यातील अवाक्षरही कळत नसे. हे वाचून हसावे की रडावे हे कळत नाही, असा अभिप्राय बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने नोंदविला आहे. सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ च्या व्याख्यानांत या भूमिकेचा पायाच काढून घेतला. ज्यांनी ऐकलेच नाही त्यांचे अज्ञान हा अपराध नव्हे, आणि केवळ कोणीतरी येऊन घोषणा केली एवढ्याने विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावर येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच काळात पूर्वेकडे हा प्रश्न अधिक हळव्या स्वरूपात समोर आला. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले. तेथील नवख्रिस्ती लोकांनी त्यांना विचारले की, देव इतका दयाळू आहे, तर त्याने आमच्या पूर्वजांना आपली ओळख का दिली नाही? नरकात गेलेल्या त्या पूर्वजांसाठी आता काही करता येईल काय? काहीही करता येणार नाही, हे झेवियर यांचे उत्तर ऐकून ते रडू लागले आणि त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख झाले, असे झेवियर यांनी १५५२ च्या पत्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मिशनरी वाङ्मयातील अत्यंत प्रामाणिक उताऱ्यांत याची गणना करावी लागेल. ज्या सिद्धान्तामुळे झेवियर हजारो मैल प्रवास करून आले, तोच सिद्धान्त समोरच्या माणसाच्या आईबापांना कायमचे गमावून बसत होता. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जी गर्दी लोटली, तीत ख्रिस्तेतर भाविकही होते. पूर्वजांविषयीचा झेवियर यांचा निवाडा त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

प्रोटेस्टंट जगात हा प्रश्न उशिरा, पण आकडेवारीसह आला. विल्यम कॅरी या इंग्रज चर्मकाराने १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्ते दिले होते. त्यांच्या हिशेबाने जगातील ७३ कोटी १० लाख लोकांपैकी ४२ कोटी मूर्तिपूजेच्या अंधारात होते. हेच कॅरी पुढे बंगालमध्ये आले, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागले आणि १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. मुंबईचा या हिशेबाशी संबंध तर आणखी जवळचा आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्यासह साठ कोटी लोकांच्या तारणाचा दावा मांडणारे एक पुस्तक लिहिले. ते १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले आणि हॉल १८२६ मध्ये नाशिक परिसराच्या दौऱ्यात त्याच रोगाने गेले. ही माणसे आरामखुर्चीतून हिशेब मांडणारी नव्हती, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. पण तारण ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, ही सवय येथून लागली.

विसाव्या शतकाने या सवयीचे शास्त्र बनविले. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या परिषदेत राल्फ विंटर यांनी देशांऐवजी भाषा, वंश आणि रीतिरिवाज यांनी वेगळे झालेले लोकसमूह मोजावेत, असा आग्रह धरला. १९८९ मध्ये लुईस बुश यांनी विषुववृत्ताच्या उत्तरेस १० ते ४० अंश अक्षांशांमधील पट्टा दाखविला आणि पुढे त्यासाठी '१०/४० खिडकी' हा शब्दप्रयोग रूढ केला. मुंबई या खिडकीत येते, उत्तर सेंटिनेलही. १९९५ मध्ये सुरू झालेला 'जोशुआ प्रोजेक्ट' आज सुमारे १७ हजार लोकसमूहांची यादी ठेवतो आणि त्यांपैकी सात हजारांहून अधिक समूह 'न पोहोचलेले' ठरवितो. ज्या समूहात इव्हँजेलिकल ख्रिस्ती दोन टक्के किंवा त्याहून कमी आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्के किंवा त्याहून कमी, तो 'न पोहोचलेला'. भारतात जातींनाच लोकसमूह मानले जात असल्याने मराठा, कुणबी अशा नोंदीही या यादीत स्वतंत्रपणे आढळतात. दोनशे वर्षांहून अधिक काळ मिशनरी ज्या शहरात शाळा चालवीत आले, त्या मुंबईतील सुशिक्षित मराठी माणूस 'न पोहोचलेला' आणि कधी कोणाशी न बोललेला सेंटिनेलीही 'न पोहोचलेला'. दोघांना एकाच रकान्यात बसविणाऱ्या गणिताचे निकष तपासून पाहायला हवेत, हे उघड आहे. चाऊला किशोरवयात सेंटिनेलींची माहिती याच यादीतून मिळाली, असे त्याच्याविषयीच्या वृत्तांतून पुढे आले.

यादीला घाईही जोडलेली आहे. सुवार्ता सर्व जगात गाजविली गेल्यावर शेवट होईल, या मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील वचनाचा अनेक इव्हँजेलिकल गट शब्दशः अर्थ घेतात. मग शेवटचा लोकसमूह म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधीचा शेवटचा अडसर ठरतो. सर्व वंशांचे व भाषांचे लोक देवाच्या सिंहासनासमोर उभे असल्याचे प्रकटीकरणातील दृश्य चाऊच्या मनात होते. त्यात सेंटिनेलीही दिसावेत, अशी त्याची इच्छा होती.

सगळे ख्रिस्ती असेच मानतात, असा समज मात्र चुकीचा आहे. जगातील ख्रिस्ती लोकांपैकी निम्मे ज्या कॅथलिक चर्चमध्ये आहेत, त्याने आपली भूमिका १९६० च्या दशकात स्पष्टपणे बदलली. चर्चच्या भाषेत बोलायचे तर 'विकसित' केली. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, त्यांचे तारण होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. याची तयारी आधीपासून होत होती. चर्चबाहेर कोणाचेही तारण नाही असे बॉस्टन परिसरात आवेशाने सांगत फिरणारे जेसुइट लिओनर्ड फीनी यांना रोमनेच १९५३ मध्ये चर्चबाहेर काढले. त्यासाठी दिलेले औपचारिक कारण आज्ञाभंगाचे होते, पण त्यातील विरोधाभास कोणाच्या नजरेतून सुटण्यासारखा नव्हता. ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल रानर यांनी अशा सज्जनांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हटले. आपल्याला न विचारता आपले नामकरण झालेले पाहून अनेक हिंदू व बौद्ध विचारवंतांना ते रुचले नाही, हे स्वाभाविकच.

तथापि, रोमने धर्मप्रसार सोडलेला नाही. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती येईल, ही पोप जॉन पॉल दुसरे यांची अपेक्षा नोव्हेंबर १९९९ मध्ये नवी दिल्लीतच जाहीर झाली. ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले, त्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. साहजिकच त्या विधानावर वादळ उठले. उलट पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे तरुणांशी बोलताना सर्व धर्म हे देवाकडे जाण्याचे मार्ग आहेत, असे म्हटले, तेव्हा वादळ चर्चच्या आतून उठले. मग मिशन कशासाठी, हा पुराणमतवाद्यांचा सवाल होता आणि तो तर्कदृष्ट्या गैर म्हणता येणार नाही. न ऐकलेला माणूस विवेकाच्या बळावर तरणार असेल, तर त्याला सांगण्याने त्याच्यावर नकाराची जोखीमच येते. याला कॅथलिक उत्तर असे की, चांगली बातमी ही शिक्षेच्या भीतीने सांगायची नसते, ती चांगली आहे म्हणून सांगायची असते. सांगणे आणि ओढून आणणे यांत फ्रान्सिस नेहमी फरक करीत, तो यासाठीच.

इव्हँजेलिकल गोटातही एकमत नाही. लोझान जाहीरनाम्याचे प्रमुख शिल्पकार जॉन स्टॉट यांनी न ऐकलेल्यांच्या अंतिम गतीविषयी ठाम मत देण्याचे टाळले होते. खुद्द बिली ग्रॅहम यांनी १९९७ च्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत ख्रिस्ताचे नाव न ऐकलेलेही स्वर्गात असू शकतील, अशा आशयाचे उद्गार काढून आपल्या अनुयायांना धक्का दिला. प्यू संशोधन केंद्राच्या २००७ च्या पाहणीत अमेरिकेतील ५७ टक्के इव्हँजेलिकल चर्चसदस्यांनी अनेक धर्मांतून अनंत जीवन मिळू शकते, असे सांगितले. याचा अर्थ, चाऊला पाठविणाऱ्या सिद्धान्तावर त्याच्याच परंपरेतील बाकांवर बसणाऱ्यांचा पूर्ण विश्वास नव्हता.

आपल्याकडे या कोंडीतून निराळी वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी उभारलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. लोकसमूहांच्या यादीत या दरबाराची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती?

आता पुन्हा बेटाकडे. कठोर सिद्धान्ताच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो तो असा की, दूरस्थ जमातींना अस्पर्श ठेवणे म्हणजे त्यांना वस्तुसंग्रहालयात बंद करणे होय. सेंटिनेलींना याबाबत कोणी विचारले आहे काय? विचारले आहे, आणि त्यांनी उत्तरही दिले आहे. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सहा जणांना उचलून पोर्ट ब्लेअरला नेले. त्यांतील दोघे प्रौढ आजारी पडून मरण पावले आणि चार मुलांना भेटवस्तूंसह परत सोडण्यात आले. १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांकडून त्यांनी नारळ घेतले, पण पुढे जाऊ दिले नाही. नारळवाटपाच्या या मोहिमा शासनाने त्याच दशकात थांबविल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीसाठी आलेल्या हेलिकॉप्टरवर त्यांनी बाण रोखला.

शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८६३ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या वसाहतीतील धर्मगुरू हेन्री कॉर्बिन यांनी रॉस बेटावर त्यांच्यासाठी 'अंदमान होम' उघडले. हेतू सुधारणेचा होता. त्यानंतरच्या दशकांत बाहेरून आलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७ च्या गोवराच्या साथीने, ही जमात खचली आणि १९६१ च्या जनगणनेत ती अवघ्या १९ वर आली. चाऊने लसी घेतल्या होत्या, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली जाते. पण लसी त्याला होत्या, त्यांना नव्हत्या. स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्याला शूर म्हणता येईल. न विचारता दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला काय म्हणावे? अनंत नरकापुढे गोवर क्षुल्लक आहे, असे ज्याला मनोमन वाटते त्याला हा प्रश्न पडतच नाही, आणि नेमकी येथेच त्या सिद्धान्ताची सार्वजनिक नीतीशी गाठ पडते. आत्म्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार शासनाला नाही. शरीरांच्या रक्षणाचा मात्र आहे. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत असलेली बंदी धर्मप्रसारकालाही लागू आहे आणि हौशी पर्यटकालाही. मार्च २०२५ मध्ये शीतपेयाचा डबा आणि नारळ किनाऱ्यावर ठेवून आलेल्या आणखी एका अमेरिकी तरुणाला याच कारणास्तव अटक झाली. त्याच्यामागे धर्माचे नाव नव्हते.

अशा धाडसांची किंमत चुकविणारा आणखी एक वर्ग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती २.३ टक्के आहेत. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. या दोन वाक्यांमधील अरुंद जागेत येथील चर्च वावरते. पर्यटक व्हिसावर येऊन कायदा मोडणाऱ्या परदेशी तरुणाबद्दलचा संशय अखेर इथल्या परिचारिकेवर, शिक्षकावर आणि गावातल्या छोट्या प्रार्थनासभेवर येऊन थांबतो. चाऊच्या मृत्यूकडे त्याच्या संस्थेने बलिदान म्हणून पाहिले. त्याच्या वडिलांनी मात्र मुलाच्या डोक्यात ही टोकाची शिकवण भरविणाऱ्यांना दोष दिला.

दैनंदिनीतील एका नोंदीची चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. बेटावरील लोक काय बोलत आहेत हे कळत नसल्याने चाऊ त्यांचेच शब्द त्यांना परत ऐकवीत होता. त्यावर ते मोठ्याने हसत होते. बहुधा ते आपल्याला शिव्या देत असावेत, असे त्याने लिहिले आहे. त्यांची भाषा बाहेरच्या कोणालाही येत नाही. 'सेंटिनेली' हे नावही बाहेरच्यांनीच दिलेले आहे. तेव्हा १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी इंग्रजीत ओरडून सांगितलेली सुवार्ता त्यांनी 'ऐकली' असे धरायचे काय? धरले, तर कठोर सिद्धान्तानुसार ते आता अज्ञानी राहिले नाहीत, नाकारणारे ठरले. चाऊच्या येण्याने त्यांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली, असा त्याचा अर्थ होईल. धरले नाही, तर तो कोणाशी बोलत होता, हा प्रश्न उरतो. स्पॅनिश मसुदा वाचून दाखविणाऱ्या सैनिकांपुढे हाच प्रश्न होता. केवळ घोषणेने कोणी बांधले जात नाही, हे व्हितोरिया यांचे उत्तर तेव्हा राजाच्या विरोधात गेले होते, तरीही सालामांकाच्या व्यासपीठावरून ते उघडपणे दिले गेले.